गाळलेल्या जागा

मराठी आणि इतिहास, दोन्ही तास माझ्याकडेच,
तिसऱ्या गुरुजींची जागा चार वर्षं भरलेली नाही.
म्हणून सातवीला प्रयोग शिकवायला
मी तलावाची स्मरणिका घेऊन गेलो,
साकोलीच्या प्रेसमध्ये छापलेली, गुळगुळीत कागदाची,
पहिल्याच पानावर मालगुजारांचा फेटा.

फळ्यावर तीन वाक्यं उतरवली:
तलाव बांधण्यात आला.
जंगल साफ करण्यात आले.
पाण्याची सोय झाली.
म्हटलं, कर्ता शोधा.

नियम पाठ होता पोरांना,
क्रियापदाला 'कोणी' म्हणून विचारायचं.
विचारून विचारून दमला लोमेश:
"गुरुजी, तलावानंच तलावाले बांधलं का जी?"
वर्ग खिदळला.
मी पंधरा वर्षं हेच वाक्य
कर्मणी म्हणून शिकवून
पाच मिनिटांत पुढे जात होतो.

मग पेन्सिली काढल्या.
जिथे कुणीतरी असायला हवं
आणि नाही, तिथे गोल करा.
चौसष्ट पानं.
घंटा होईपर्यंत स्मरणिकेला
कांजिण्या आल्या होत्या.

टिकेश सयाम म्हणाला,
पारीची माती आमच्या टोलीतून नेली जी,
खड्डा अजून हाय, म्हशी बसतेत त्यात.
मी म्हणालो, खड्डा हासुद्धा कागदच असतो.
म्हणालो आणि वाटलं,
फारच मास्तरासारखं झालं हे.
नूरसबा म्हणाली, तुडुमाचे दगड
आमच्या पणज्यानं घडवले म्हणतात,
पुरावा नाही.
मग तसंच लिही,
'घरात म्हणतात' हेही लिही,
आणि कोण म्हणतं तेही.

डिलेश्वरी वलथरे काहीच बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आली:
"मोठे बाबा बलावतेत तुमाले."

ते पाळीवर जाळं विणत बसले होते,
अंगठ्यात दोर अडकवून.
हात न थांबवता
पाण्याकडे हनुवटी करत
एकेक डोह सांगत गेले.
हा अमक्याचा, इथे मरळ पोरं सांभाळते,
तिकडे देवधान, आणि त्या पल्याड
कुणाची तरी सून, कोणत्या तरी साली.
एकोणीस नावं.
वरून बघितलं तर एकच पाणी.

डिलेश्वरीनं वही उघडली होती.
जाळ्यातला हात थांबला.
"लिवू नोको बाई.
कागदावर गेला डोह,
का लिलावात गेला.
आमी हावोत तवर हाय नाव."

आठवडाभर मी वर्गात
लिहा, लिहा, लिहून ठेवा म्हणत आलो होतो.
घसा साफ केला.
त्याउपर काही सुचलं नाही.
खाली शिंगाड्याच्या वेलीत
एक बगळा उगीच पाय बदलत होता.

ती नावं मला पाठ आहेत.
इथेही लिहीत नाही.

तिनं प्रकल्पाच्या वहीत असं लिहिलं:
'तलावात एकोणीस डोह आहेत.
त्यांची नावे'
आणि खाली पट्टीनं आखून
एकोणीस ओळी कोऱ्या,
प्रत्येकीच्या शेवटी पूर्णविराम.
मग: 'सांगणारे: माझे मोठे बाबा.
लिहू नको म्हणाले: तेच.'

केंद्रप्रमुख आले, चहा घेतला,
वह्या चाळल्या, या पानावर थांबले.
"मॅडम विसरल्या वाटतं," म्हणाले, हसून,
आणि लाल शाईत शेरा दिला:
माहिती पूर्ण करण्यात यावी.

गाडी वळली रस्त्याला.
डिलेश्वरीनं वही जवळ ओढली,
शेरा एकदा वाचला, ओठांनी,
दप्तरातून पेन्सिल काढली
आणि 'माहिती'च्या आधी
जिथे काहीच नव्हतं,
तिथे एक गोल केला.